अर्ध्या घराचा कागद

बॅस्कम फेरी, फ्लोरिडा
३ एप्रिल २०१९

जिमी रूथ,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. कशी आहेस ते विचारत नाही. धडधाकटच असशील, नाहीतर तुझ्या भाचीने कळवलं असतं.

कामाचं बोलते. ऑक्टोबरच्या वादळात तुझ्या अर्ध्या घराचं छप्पर गेलं हे मी तेव्हाच लिहिलं होतं. तू उत्तर दिलं नाहीस. सहा महिने तिथे पाऊस आतच पडतोय. खालच्या फळ्या भिजून फुगल्यात, भिंती बुरशीने काळ्या झाल्यात, स्वयंपाकघरात पाय टाकला तर तो थेट खालच्या मातीत. माझा अर्धा ठणठणीत आहे. दोघे सख्खे भाऊ, पण माझ्या हारलनने त्यावरचा पत्रा मापात ठोकला होता. तुझ्या डाल्टनने काय ठोकलं होतं ते वादळाने दाखवलं.

आता काउंटीने दारावर लाल कागद चिकटवलाय. तीस जूनच्या आत पडका भाग पाडायचा, मलबा ते सांगतील त्या जागी टाकायचा आणि पावती दाखवायची. नाही केलं तर त्यांचं मशीन येणार. ते मधली भिंत शोधत बसणार नाही, अख्खं घर नेणार. मी अठ्ठ्याहत्तरची. माझ्या डोक्यावर दुसरं छप्पर नाही, हे तुला ठाऊक आहे.

पूर्वी बरं होतं. जुनं घर खड्ड्यात लोटायचं, काडी लावायची, संध्याकाळपर्यंत काम खलास. आता काडी लावली तर शेरीफ येतो. परवानगी हवी, आणि तिच्यासाठी वीज तोडल्याचा दाखला हवा, मैल्याच्या टाकीचा हवा, ॲस्बेस्टॉस नसल्याचा हवा. फ्रिजमधला गॅस कुणीतरी शिकलेल्याने काढायचा. टायर सापडले तर तेही वेगळे द्यायचे. ते सगळं मी करते. एकच गोष्ट माझ्या हातात नाही, ती म्हणजे तुझी सही. घर कारखान्यातून चाकांवरून दोन तुकड्यांत आलं म्हणून सरकार त्याला अजून दोन गाड्याच समजतं. तुकड्यागणिक एक मालकीचा कागद. एक हारलनच्या नावाचा होता, तो आता माझ्या नावावर आहे. दुसरा डाल्टनचा, तो तुझ्या. तुझा कागद रद्द झाल्याशिवाय तुझा अर्धा पाडता येत नाही.

फॉर्म सोबत आहे. तुझ्या कागदावरचा नंबर भर, फुलीशी सही कर, पाठव. भाषण नको.

ओव्हेला


वेक्रॉस, जॉर्जिया
१५ एप्रिल

ओव्हेला,

भाषण नको ना? मग थोडक्यात सांगते. सही करणार नाही.

आता जरा लांबण लावते. डाल्टनला पुरलं आणि मी तीन रात्री भाचीकडे राहिले. परत आले तर आमची खोली रिकामी. पलंग, गादी, त्याचे शर्ट, गळांची पेटी, कॉफीचा मगसुद्धा. सगळं तू ट्रकमध्ये भरून काउंटीच्या उकिरड्यावर टाकून आली होतीस. मी दारात उभी होते. तू हातात फडकं घेऊन मला म्हणालीस, "आलीस होय. फरशी ओली आहे, बूट काढ."

सोळा वर्षं झाली. मी त्याच दिवशी उकिरड्यावर गेले होते हे तुला मी कधी सांगितलं नाही. तिथल्या माणसाने मला दुपारभर हुडकू दिलं. एक बूट मिळाला. डावा.

आणि आज तुला माझ्या नवऱ्याचं उरलेलं घर त्याच उकिरड्यावर न्यायचंय, आणि त्यासाठी माझीच सही हवी.

अट सांगते. माझ्या अर्ध्यात तू जायचंस. मजूर नाही, शेजारी नाही, तू. एकेक खोली, एकेक खण बघायचा, आणि काय आहे ते मला लिहून पाठवायचं. काय ठेवायचं ते मी सांगेन. मग सहीचं बघू. तुला तीस जूनची घाई आहे, मला नाही. मी भाचीकडे सुखात आहे. स्वतंत्र जागा आहे, गाडी दाराशी आहे.

पाय मातीत जातो म्हणतेस, तर जपून चाल. नाहीतर काउंटीला एका खेपेत दोन जुन्या गोष्टी उचलाव्या लागतील.

जिमी रूथ


बॅस्कम फेरी
२७ एप्रिल

जिमी रूथ,

गेले. तोंडाला फडकं बांधून, हारलनची रानातली काठी घेऊन, दोन दिवस. गुडघा सुजलाय. तुला बरं वाटेल म्हणून सांगतेय.

बैठकीच्या खोलीत काही नाही, छताचा गाळ आहे. सोफा होता तिथे गवत उगवलंय. स्वयंपाकघरात मी दारातूनच काठीने उघडझाक केली. ताटं सहा, त्यातली चार फुटकी. एका खणात नुसत्या सुतळ्या. इतक्या सुतळ्या कशाला जमवल्यास देव जाणे. वरच्या फळीवर तुझ्या मेहॉ-जेलीच्या, त्या दलदलीतल्या आंबट लाल फळांच्या, अकरा बरण्या, तीन फुटल्यात, आठ शाबूत. चुलीमागे साप होता. यादीत धरायचा का ते कळव. मारलाय.

चर्चच्या गायनाचा तुझा निळा झगा उंदरांनी खाल्ला. गळ्याची लेस तेवढी सोडली. उंदरांनाही चव असते. न्हाणीघराबद्दल लिहीत नाही, तिथे आता न्हाणीघर नाही.

निजायच्या खोलीत कपाट उभं आहे. आत तुझे दोन कोट, हात लावला की चिंध्या होतात. कपाटाच्या दाराला आतून पेन्सिलीने लिहिलंय. अक्षर डाल्टनचं. दर साली नदीत मलेट मासा कोणत्या तारखेला आला ते. त्र्याऐंशीपासून दोन हजार दोनपर्यंत. एका सालापुढे लिहिलंय, "उशिरा आला, ओव्हेलाने नजर लावली." हे मला माहीत नव्हतं.

एवढंच आहे. आता सही कर. काउंटीचा टिलिस म्हणून एक माणूस येऊन गेला. ॲस्बेस्टॉसचा दाखला मिळाला, वीज तोडली, टाकी बुजवली. मशीन वेंडेल फच आणणार आहे. तुकडे माणसाच्या उंचीहून लांब असले तर उकिरड्यावर घेत नाहीत म्हणे, तेव्हा कापायला वेळ लागेल. सगळं तुझ्या पेनापाशी अडलंय.

ओव्हेला


वेक्रॉस
१० मे

ओव्हेला,

ते दार काढून ठेव. बिजागऱ्यांसकट. पुसायचं नाही, धुवायचं नाही. तुझं फडकं त्याच्या जवळ गेलं तर मी कुठूनही ओळखेन.

बाकी फेक.

सही केली. नोटरीचा शिक्का आहे. तुझ्याकडे पाठवत नाही, सरळ काउंटी ऑफिसात त्या टिलिसच्या नावाने रजिस्टर पोस्टाने टाकलंय. तुझ्या हातात कागद दिला की तू त्याचं काय करशील याचा मला भरवसा नाही, आणि या वयात येणारही नाही.

नजरेचं म्हणशील तर ते त्याने मला त्याच साली सांगितलं होतं. खूप हसलो होतो.

संपलं आपलं. आता पत्र नको.

जिमी रूथ


बॅस्कम फेरी
२१ मे

प्रिय जिमी रूथ,

तुझी तब्येत बरी असेल अशी आशा आहे. भाचीकडे सगळी मजेत ना? इथे उकाडा सुरू झालाय.

दार काढलं. शेडमध्ये कोरड्या जागी, चादरीत गुंडाळून उभं ठेवलंय. पुसलं नाही.

ऑफिसने अजून एक कागद मागितलाय, तो सोबत आहे. त्याच कामाचा आहे. बारीक छापलंय, वाचत बसलीस तर डोळे दुखतील, तेव्हा नुसती सही आणि नोटरीचा शिक्का. आणि हा ऑफिसला पाठवू नकोस, मला पाठव. त्यांच्याकडे कागद हरवतात.

तुझ्यासाठी जेलीच्या दोन बरण्या वेगळ्या पार्सलने पाठवल्यात. पावाला लावून खा.

तुझी,
ओव्हेला


वेक्रॉस
३० मे

ओव्हेला,

तू माझी तब्येत विचारलीस तिथेच मी चष्मा घातला.

सगळं वाचलं. बारीक छापलेलंसुद्धा. दोनदा. मालकी ओव्हेला स्ट्रिकलंड हिला बक्षीस, स्वखुशीने. कशाची मालकी? जो तुकडा पाडायचाय, त्याची मालकी तुला कशाला हवी? म्हणून त्या टिलिसला फोन केला. बिचारा सभ्य आहे. त्याला वाटलं तू मला सांगितलंयस.

तर त्याने मला सांगितलं ते तुलाच सांगते, म्हणजे तुला कळेल की मला कळलंय. तो टॉर्च घेऊन घराखाली गेला. लोखंडी तुळईवर कारखान्याने ठोकलेले नंबर बघितले. माझ्या कागदावरचा नंबर पडक्या तुकड्याचा नाही. तू राहतेस त्या तुकड्याचा आहे. पडका तुझा. ठणठणीत माझा.

कसं झालं तेही सांगते, कारण मी तिथे होते, आणि तूही होतीस. त्र्याऐंशीच्या नोव्हेंबरात ट्रकवाल्याने घर जोडून दिलं आणि दोन्ही कागद ट्रकच्या बोनेटवर ठेवले. तेवढ्यात नदीवरून कुणीतरी हाक दिली की मलेट आला. आपल्या दोघींचे शहाणे नवरे एकेक कागद उचलून, न बघता खिशात कोंबून, जाळी घेऊन धावत सुटले. हारलनने आमच्या अर्ध्याचा उचलला, डाल्टनने तुमच्या अर्ध्याचा. मासळी पिंपभर मिळाली. पुढे त्याच कागदांवर ज्याची त्याची नावं चढली, तुळईवरचे नंबर कुणी ताडून बघितले नाहीत. छत्तीस वर्षं तू माझ्या घरात झोपतेयस. मी तुझ्या घरात वीस वर्षं तुझी बोलणी खाल्ली.

हे तुला वीस मेच्या आत कळलं होतं. आणि तू काय केलंस? मला फसवून माझं घर बक्षीस घ्यायला निघालीस. त्यासाठी लाच म्हणून माझ्याच हातची जेली पाठवलीस, माझ्याच फळीवरची.

आता नीट ऐक. मी पाडण्याच्या फॉर्मवर सही केलीय, आणि त्यात माझ्या कागदावरचा नंबर आहे. म्हणजे तू राहतेस त्या तुकड्याचा. टिलिस म्हणतो, मी काही बोलले नाही तर फॉर्म आहे तसा चालेल. मशीन तुझ्या खोलीपासून सुरुवात करेल.

मी अजून काही बोललेले नाही. तीस जूनला एक महिना आहे. तू मला तीन दिवस दिले होतेस.

जिमी रूथ


बॅस्कम फेरी
५ जून

जिमी रूथ,

खरं आहे सगळं. टिलिस घराखालून रांगत बाहेर आला, टोपी काढून उभा राहिला. मला वाटलं कुणीतरी गेलं. त्याने मला सांगितलं, तुमच्या जावेशी बोलून घ्या, मी अजून वर लिहिलेलं नाही. बोलण्याऐवजी मी तो दुसरा कागद केला. मला भीक मागता येत नाही. वाटलं होतं खोटं बोलता येईल. तेही आलं नाही.

पण तूही एक ध्यानात घे. घर तुझं असेल, खालची जमीन माझी आहे. सासऱ्याने ती हारलनला दिली, हारलनने मला. घर ओढून नेईन म्हणशील तर चाकं कुठे आहेत? चाकं आणि त्यांचे आस दोघा भावांनी चौऱ्याऐंशीतच काढून होडीच्या गाड्याला लावले. वेंडेल फच म्हणतो, आता हलवलं तर घर मधून मोडेल. म्हणजे तुला ते नेता येत नाही आणि मला ते ठेवता येत नाही. पाडता येतं फक्त, आणि ते तुझ्या हातात आहे.

तीन दिवसांचं बोललीस. शेवटचे दोन महिने डाल्टन भिंतीपलीकडे खोकायचा. मी पंखा मोठा करायचे. एकदाही आत आले नाही, सूपचं भांडं हारलनच्या हाती पाठवायचे. तू भाचीकडे गेलीस तेव्हा मी आत गेले. गादीत त्याच्या अंगाएवढा खळगा होता. मला तो बघवला नाही. तुझ्यासाठी आवरलं असं मी लोकांना सांगितलं. तुझ्यासाठी नव्हतं. मला तो खळगा घरात नको होता, बस.

हारलनला जाऊन आठ वर्षं झाली. त्याचे बूट अजून दाराशी आहेत. रोज त्यांना वळसा घालून जाते.

माफी म्हणायची असेल तर ही म्हण. दुसऱ्यांदा लिहिणार नाही. फॉर्म मागे घे नाहीतर घेऊ नकोस. पण काय ते लवकर कळव, म्हणजे खोकी आणायची का ते मला ठरवता येईल.

ओव्हेला


वेक्रॉस
१४ जून

ओव्हेला,

फॉर्म मागे घेतला. टिलिसला फोन केला आणि वर पत्रही टाकलं. तुझ्या पडक्या तुकड्याच्या कागदावर आता तूच सही कर, आणि लवकर कर. तारीख कुणी पुढे ढकललेली नाही.

तुझ्या माफीमुळे घेतला असं समजू नकोस. माफीच्या आधी तू मला जमिनीचा धडा दिलास. तुझ्यासारखी माफी मी आयुष्यात पाहिली नाही, आणि चर्चमध्ये मी बऱ्याच पाहिल्यात.

मी भाचीकडे सुखात आहे म्हणून लिहिलं होतं. स्वतंत्र जागा म्हणजे गॅरेज. कपडे धुवायच्या मशीनशेजारी खाट आहे. गाडी दाराशी म्हणजे गाडी आत येते तेव्हा मी पाय वर घेते. भाची वाईट नाही. तिला चार मुलं आहेत आणि मी जास्तीची आहे. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा मला एवढंच कळलं होतं की माझं म्हणून जे काही जगात आहे ते पाडायला तू सही मागतेयस. पडकं का असेना.

आता मला धड उभं घर आहे असं निघालं. तर मी त्यात राहायला येतेय. पंधरा जुलै, सोमवारची बस. नदीकडची खोली माझी. तिथे तुझं शिवणाचं मशीन असेल तर उचल. भाडं मी मागणार नाही, जमिनीचं तू मागू नकोस. चूल सकाळी माझी, दुपारी तुझी. माझ्या पाठीमागे भांडी पुन्हा घासायची नाहीत. मी येईपर्यंत काही एक फेकायचं नाही. आणि हारलनच्या बुटांना मी हात लावणार नाही, तेव्हा त्याबद्दल मला रोज सांगू नकोस.

कबूल नसेल तर तसं लिही. मग मी टिलिसला पुन्हा फोन करते.

जिमी रूथ


बॅस्कम फेरी
२९ जून

जिमी रूथ,

पडलं. गुरुवारी सकाळी वेंडेल फच मशीन घेऊन आला. आधी मधल्या सांध्यावर वरपासून खालपर्यंत करवत फिरवली. आवाज असा की शेजारच्या मळ्यातली कुत्रीसुद्धा पळाली. मग एकेक भिंत आत ओढली. जेवायच्या वेळेला सपाट. वीस वर्षं तुम्ही त्यात काढलीत आणि त्याला चार तास लागले.

सही माझ्या कागदावर माझीच होती. टिलिसने फॉर्म ट्रकच्या बोनेटवर ठेवला आणि पेन पुढे केलं. मी लगेच घेतलं नाही. त्याने खिशात ठेवलं, परत काढलं. मी कशाची वाट बघत होते मला माहीत नाही. घाई करणारी मी, तुला माहीत आहे.

उकिरड्यापर्यंत मी वेंडेलच्या ट्रकमधून गेले. सात खेपा. प्रत्येक खेपेला गेले, तो कुरकुरत होता. लोखंड वेगळं, लाकूड वेगळं, फ्रिज वेगळा. एका खेपेत तुझ्या स्वयंपाकघराचा पिवळा कागद लावलेली भिंत होती. ती मी त्याला हळू उतरवायला लावली. का ते विचारू नकोस, तिथे सगळं एकाच ढिगात जातं.

उघड्या पडलेल्या बाजूला फळ्या ठोकल्या, त्यावर पत्रा मारला. टिलिस बघून गेला. लाल कागद त्याने स्वतःच्या नखाने खरवडून काढला. घर उभं आहे.

तुझ्या अटी वाचल्या. चूल सकाळी तुझी हे मला कबूल नाही, मी पाचला उठते. त्याचं आल्यावर भांडू. शिवणाचं मशीन हलवलंय. बस पाऊण वाजता येते, मी ट्रक घेऊन थांबेन. सामान तूच उचलायचंस, माझा गुडघा तुझ्या यादीत गेलाय.

जाताना टिलिसने शेवटचा एक फॉर्म भरून घेतला, उरलेल्या भागात कोण राहतं त्याचा. जमिनीची मालक मी. घराची मालक जिमी रूथ स्ट्रिकलंड. राहणारी माणसं किती, तिथे मी एक लिहिलं. मग खोडून दोन केलं. त्याने ते बघितलं. म्हणाला, "दोघींचं पटतं का?"

मी म्हटलं, नाही.

तो म्हणाला, तसा रकाना फॉर्ममध्ये नाही, आणि शिक्का मारला.

ओव्हेला